बायोप्सीत 'कॅन्सर नाही' आलंय, तरी डॉक्टर परत तुकडा घ्यायचा म्हणतात

मिरजकर: नमस्कार मंडळी. आमचे दादा, वय ६४. दिवाळीपासून आवाज बसलाय. विडी-तंबाखू जन्मात नाही. दुर्बिणीतून स्वरयंत्राच्या वरच्या भागात उजवीकडे गुळगुळीत फुगवटा दिसला. चिमट्याने तुकडा घेतला, रिपोर्ट 'जुनाट सूज'. आम्ही सुटलो म्हणतोय तोवर डॉक्टर म्हणाले, लिम्फोमाची, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरची शंका आहे, भूल देऊन पुन्हा घेऊ. काका म्हणतात हत्यार लागलं की पसरतं. ओळखीच्या एकांनी सूज उतरायला स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्यात. सुरू करू का?

काचपट्टी: पॅथॉलॉजी लॅबमध्ये हयात गेली माझी, तुकडे कापण्यात. डॉक्टर नाही, पण ऐका.

आधी गोळ्या. तुमच्या कान-नाक-घसावाल्यांना विचारल्याशिवाय एकही नको. लिम्फोमाच्या पेशी स्टिरॉइडने मरतात. गाठ उतरते, घरचे खूश, आणि मग तुकड्यात मेलेल्या पेशींशिवाय काही सापडत नाही. मात्र श्वास घेताना घरघर व्हायला लागली तर कसलीही वाट न बघता हॉस्पिटल गाठा. तिथे ते स्टिरॉइड देतील तर देऊ द्या, जीव आधी.

स्वरयंत्राचा नेहमीचा कॅन्सर अस्तरातूनच उगवतो, म्हणून चिमट्यात येतो. लिम्फोमा अस्तराखाली वाढतो, वरून सगळं धड. घशात तो बहुतेक टॉन्सिलला होतो. स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये शंभरात एकही नसेल. वरवरचा तुकडा म्हणजे भाकरीचा पापुद्रा, आतलं पीठ कच्चं आहे का ते त्यावरून कसं कळणार? शिवाय चिमट्यात या पेशी इतक्या चिरडतात, की काचेवर नुसत्या निळ्या रेघोट्या दिसतात. त्यावर सही करायला कुठलाही पॅथॉलॉजिस्ट कचरतो.

म्हणून तुकडा खोल आणि भरपूर हवा. बराचसा फॉर्मलिनमध्ये, थोडा ताजा फ्लो सायटोमेट्रीला, म्हणजे यंत्रातून एकेक पेशी तपासायला. लॅबला आधी फोन करायला सांगा, ताजा तुकडा ताटकळत चालत नाही. टीबीचीही तपासणी करून घ्या, आपल्याकडे तो असाच फसवतो. मग सीडी२०, सीडी३, केआय-६७ असे पेशींच्या खुणा ओळखणारे मार्कर लावून प्रकार ठरतो आणि औषध त्या प्रकारावर ठरतं.

काकांना सांगा, बायोप्सीने लिम्फोमा पसरत नाही.

कोथरूडची लेक: आईचा एकाच बाजूचा टॉन्सिल सुजला होता. अँटिबायोटिकचे कोर्स झाले, सुईची तपासणी झाली, तीही धड सांगेना. अख्खा टॉन्सिल काढला तेव्हा बी-सेल लिम्फोमा निघाला. ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड्स दोन्ही लॅबकडून मागून घ्या हो, परळला टाटामध्ये दुसरं मत घेताना तेच मागितले. नुसत्या रिपोर्टच्या झेरॉक्सवर भागत नाही.

मिरजकर: गोळ्या ठेवून दिल्या. अख्ख्या शरीराचा पेट (PET) स्कॅन आधीच करून टाकू का? आणि लिम्फोमा निघालाच, तर आवाज जाणार का?

काचपट्टी: स्कॅन किती पसरलंय ते दाखवतो, काय आहे ते नाही. साधी सूजही त्यात चमकते. बायोप्सी होऊ द्या, खर्च मोठा आहे. लिम्फोमा असेल तर स्वरयंत्र काढायची वेळ सहसा येत नाही. केमो, लागलं तर रेडिएशन. दादांना हे आजच सांगा, त्यांना त्याचीच धास्ती असणार.