उंदीर ‘खिदळतो’ म्हणावं का?

प्रश्न
एका लेखाचं मराठी करतेय, एका क्रियापदाशी अडलेय. १९९०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ओहायोमध्ये याक पँकसेप आणि जेफ्री बर्गडॉर्फ या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांना गुदगुल्या केल्या. वटवाघळांचे आवाज टिपणारं यंत्र लावलं, तर साधारण ५० किलोहर्ट्झचे तुटक आवाज मिळाले. आपला कान २०च्या पुढे जात नाही. या आवाजाला ‘चीं चीं’ लिहिलं, पण मन मानत नाही.

प्रतिसाद
‘चीं चीं’ नकोच. शेपटी दारात सापडली की ऐकू येते ती चीं चीं. खुशीचा आवाज कुणी ऐकलेलाच नाही, तर शब्द कुठून येणार! मी ‘खिदळणे’ म्हणेन. हसायला एकटा पुरतो, खिदळायला सोबत लागते, आणि हा आवाज त्यांच्या दंगामस्तीतच जास्त येतो. शिवाय खिदळायला मूडही लागतो. बर्लिनच्या २०१६च्या प्रयोगात उंदरांना उंचावर, लख्ख उजेडात ठेवून तशाच गुदगुल्या केल्या, तर आवाज रोडावले.

प्रतिसाद
खाऊ मिळणार अशी चाहूल लागली तरी हेच आवाज येतात. तेव्हा काय, खाऊच्या आशेने खिदळतो? ‘किलबिल’ बरा. पाखरांनाही चालतो, पोरांनाही, आणि मनातलं फार ठरवून टाकत नाही.

प्रतिसाद
किलबिल गोड आहे, पण उंदराला ती शोभत नाही. असो. आईपासून दूर पडलेल्या पिल्लाच्या ४० किलोहर्ट्झच्या हाकेला मात्र ‘टाहो’च हवा, तो ऐकून आई शोधत येते आणि तोंडात धरून घरट्यात नेते. खरी पंचाईत मोठ्या उंदरांच्या २२ किलोहर्ट्झच्या आवाजाची. लांबलचक, कधी सेकंदाहून जास्त. मांजर दिसलं की बिळात शिरून काढतात, म्हणून ‘हाकाटी’ म्हणावं, तर समागमानंतर नरही तसाच सूर लावतो. तिथे हाकाटी कसली?

प्रश्नकर्ती
मग २२ला नुसता ‘लांब सूर’ लिहिते, पुढे प्रसंग सांगते. गुदगुल्यांना ‘खिदळणे’, खाऊला ‘किलबिल’. आणि एक वाक्य खोडलं. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर खोबऱ्याच्या तुकड्याकडे पाठ करून कोपऱ्यात ‘मुकाट’ बसला होता, असं मी सुरुवातीलाच लिहिलं होतं.