मदत हवी आहे: कॅलगरीच्या थंडीत परसातला ओटा कसा सांभाळता?

नमस्कार मंडळी. आम्ही कॅनडातल्या कॅलगरीत राहतो. घरात वास कोंडतो म्हणून परसात छोटा ओटा बांधून घेतलाय: प्रोपेनची शेगडी, वर ग्रॅनाइट, बाजूला सिंक. बांगडे, सुकट, भाकऱ्या सगळं तिथेच होतं. सासूबाईंचा तर तिथे फार जीव आहे, म्हणून हिवाळ्यातही तो चालू ठेवायचाय.

गेल्या जानेवारीत उणे २५ ला ज्योत अगदी मंदावली. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होतो, पण थंडीत दाब उतरतो आणि सिलिंडर निम्मा संपला की आणखीच पंचाईत. सिलिंडर घरात आणणार नाही, ते धोक्याचं. मग कायम भरलेलाच लावायचा, की दुसरा काही सुरक्षित उपाय आहे?

दुसरं म्हणजे नळ. आतला व्हॉल्व्ह बंद केला, बाहेरचा नळ उघडा ठेवला, तरी वसंतात सिंकखालचा पाइप फुटलेला निघाला. वाकणात पाणी राहिलं असणार. कॉम्प्रेसरने हवा मारून पाइप कोरडा करता येतो का? सिंकखालच्या वाकड्या पाइपात (ट्रॅपमध्ये) आरव्हीचं, म्हणजे फिरत्या घर-गाड्यांच्या नळांसाठी मिळणारं, बिनविषारी अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारा द्रव) किती ओतता?

बिडाचा तवा मात्र घरात आणते. कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा, ऑक्टोबर तोंडावर आलाय.