ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणासाठी मदत नेमकी कुठे द्यावी?

प्रश्न : निवृत्त सहकाऱ्यांच्या गटातर्फे

नमस्कार. आम्ही काही निवृत्त सहकारी दरवर्षी निवृत्तिवेतनातून ठरावीक रक्कम बाजूला काढतो. पुढील काही वर्षे ती ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणासाठीच वापरायची, एवढे आमच्यात एकमताने ठरले आहे. कशी वापरायची, याबद्दल मात्र दोन मते आहेत. काहींना वाटते की दप्तरे, वह्या आणि स्वेटर द्यावेत, म्हणजे वस्तू थेट मुलांच्या हातात पडतात आणि हिशेबही चोख राहतो. इतरांचे म्हणणे असे की पाठ्यपुस्तके, गणवेश आणि दुपारचा पोषण आहार जिल्हा परिषदेच्या शाळेत शासनाकडून मिळतोच, आणि तरीही मूल शाळेतून जाते, तेव्हा ते वहीअभावी जात नाही हे उघड आहे. मला हे दुसरे मत पटते, परंतु त्यापुढे काय करावे ते आमच्यापैकी कोणालाच नीट माहीत नाही.

मुलांना गावी ठेवून शिकवणे हिताचे, की आईवडील जिथे तोडीला जातात तिथल्या शाळेत घालणे हिताचे? दोन-चार मुलांचे शैक्षणिक पालकत्व घ्यावे, की एखाद्या गावासाठी काही करावे? प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, बीड जिल्हा

आपल्या गटातील दुसरे मत बरोबर आहे. आमच्या भागात, म्हणजे शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी या तालुक्यांत आणि शेजारच्या पाथर्डी-शेवगावातही, दसरा-दिवाळीनंतर गावे रिकामी होतात आणि थेट मार्च-एप्रिलमध्ये, कारखान्यांचे पट्टे पडल्यावर (गाळप हंगाम संपल्यावर), माणसे परततात. म्हणजे दुसरे सत्र जवळजवळ पूर्णच हातचे जाते. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी माझ्या हजेरीपटावर असलेली मुले सुट्टीनंतर वर्गात दिसत नाहीत. पटावर नाव राहते आणि मूल सांगली, कोल्हापूर किंवा बेळगावकडच्या एखाद्या उसाच्या फडावर असते. असे तीन हंगाम गेले की चौथीतले मूल दुसरीचे पुस्तकही अडखळत वाचते. पुढे त्यालाच वर्गात बसायची लाज वाटू लागते आणि कोणी काढून न टाकताही ते शाळेबाहेर पडते.

यावर शासनाचा उपाय म्हणजे हंगामी वसतिगृह. शाळा व्यवस्थापन समिती ते गावातच चालवते. मुले दिवसा शाळेत बसतात, सकाळ-संध्याकाळचे जेवण वसतिगृहात घेतात आणि आमच्याकडे तरी बहुतेक मुले रात्री आजी-आजोबांकडे किंवा चुलत्यांकडे झोपतात. योजना चांगली आहे आणि ती मोडून दुसरे काही उभारण्याची मुळीच गरज नाही. अडचण वेळेची आहे. आईवडिलांना मुकादमाची, म्हणजे तोडीसाठी मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, गाडी ज्या दिवशी न्यायला येते, त्या दिवशी वसतिगृह सुरू झालेले असेल तरच ती माउली मूल मागे ठेवते. मंजुरी किंवा अनुदान यायला उशीर झाला, तर ती मुलाला गाडीत बसवते, आणि एकदा गाडीत बसलेले मूल हंगाम संपेपर्यंत परत येत नाही. त्या दोन-तीन आठवड्यांचा किराणा आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईंचे मानधन कोणी आगाऊ दिले, तर संपूर्ण दुसरे सत्र वाचते. शिक्षकांनी पदरमोड करून आणि दुकानदाराकडे उधारी ठेवून हे कित्येक गावांत निभावले आहे. पण ती काही कायमची व्यवस्था नव्हे.

दुसरी गोष्ट आजीची. सत्तरीची बाई, स्वतः दम्याने किंवा गुडघ्यांनी हैराण, आणि पदरात तीन-चार नातवंडे. मूल तापाने फणफणले तर तालुक्याला नेणार कोण, हा तिचा पहिला प्रश्न असतो. आईवडील मूल सोबत नेतात त्यामागे पुष्कळदा हीच काळजी असते, शिक्षणाची अनास्था नव्हे. गावातल्याच एखाद्या शिकलेल्या सुनेला संध्याकाळी मुलांजवळ बसायचे, अभ्यास घ्यायचा आणि आजारपणात दवाखान्यात न्यायचे, असे काम मानधनावर दिले, तर आजीचा भार हलका होतो आणि आईचा जीव थाऱ्यावर राहतो. यासाठी शासनाच्या कोणत्याही शीर्षाखाली पैसा मिळत नाही. तुमचा पैसा इथेच सर्वाधिक उपयोगी पडेल, असे माझे ठाम मत आहे.

पालकत्वाबद्दल म्हणाल, तर निवडक मुलांना देणगीदार मिळतो तेव्हा तो बहुधा हुशार, चुणचुणीत मुलांना मिळतो, आणि ज्याला खरी गरज असते ते मागच्या बाकावरचे मूल तसेच राहते. त्यामुळे एक गाव धरा आणि त्या गावातून तोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील एकूण एक मूल धरा.

उत्तर : साखर पट्ट्यातील कार्यकर्ती, सांगली जिल्हा

वरील शिक्षकांशी मी सहमत आहे. तरीही सर्व मुले गावी राहतील असे गृहीत धरता येत नाही. ज्यांच्या घरी म्हातारे माणूसच उरलेले नाही, ज्यांचे मूल अंगावर पिते आहे, किंवा ज्यांना वयात आलेली मुलगी मागे ठेवण्याची भीती वाटते, ती कुटुंबे मुले घेऊनच येतात. त्यांच्यासाठी कारखान्याच्या परिसरात काय करता येईल, तेवढेच मी लिहिते.

कायदा या मुलांच्या बाजूने आहे, हे आधी नीट समजून घ्यावे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. वयाचा दाखला नाही म्हणून कलम १४ नुसार, आणि वर्ष अर्धे सरले म्हणून कलम १५ नुसार, प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी कलम ५ प्रमाणे मुलाला बाहेर थांबवता येत नाही. शिवाय गाव सोडताना मुलाला शिक्षण हमी पत्रक मिळायला हवे. ते दाखवले की इथली शाळा मुलाला वयानुरूप वर्गात बसवून घेते आणि मूल परत गेल्यावर त्याची इथली हजेरी तिथे धरली जाते. प्रत्यक्षात अनेक कुटुंबे ते पत्रक न घेताच निघतात, कारण गाडी रात्रीतून येते आणि शाळा सकाळी उघडते. आपल्या गटाने गावच्या शाळेला एवढी आठवण वेळेवर करून दिली, तरी पुष्कळ झाले.

मात्र कागद असूनही मूल शाळेत का जात नाही, याचे उत्तर तळावर, म्हणजे तोडकऱ्यांच्या मुक्कामाच्या जागी, गेल्याशिवाय मिळत नाही. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. पहाटे अंधारातच दोघे फडाकडे निघतात, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या, आणि गाडी भरेपर्यंत परत येणे नाही. मागे पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, वर्षा-दीड वर्षाचे मूल असते. त्याला सांभाळते नऊ-दहा वर्षांची बहीण. तीच पाणी भरते, चुलीवर भाकरी टाकते, आणि तान्ह्याला कडेवर घेऊन उभी असते. तिला शाळेत पाठवा म्हटले, तर आई सरळ विचारते की मग याला बघणार कोण. या प्रश्नाला दप्तर हे उत्तर होऊ शकत नाही. तळावर पाळणाघर सुरू होते तेव्हा त्या लहानग्याला खाऊपिऊ मिळते, ते फडात सापा-विंचवापासून आणि ट्रॅक्टरच्या चाकांपासून दूर राहते, आणि मोठी बहीण त्याच दिवशी शाळेला मोकळी होते. म्हणून मी पाळणाघराला शिक्षणाचाच खर्च मानते आणि देणगीदारांनीही तसेच मानावे, असा आग्रह धरते. तळाच्या जवळ अंगणवाडी असेल, तर तिथल्या सेविकेला सोबत घेऊन हे सोपे होते.

तळ शाळेपासून लांब, ऊसवाहतुकीच्या रस्त्यापलीकडे असतो, हीही मोठी अडचण आहे. मुलांना सोबत नेणारे-आणणारे विश्वासाचे माणूस ठेवले, तर हजेरीत फरक पडतो.

उत्तर : ऊसतोड कुटुंबातील मुलगी, सध्या परिचारिका

वरील दोन्ही उत्तरांत जे आले नाही, ते मी लिहिते. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. आमच्यातल्या मुलींचे खरे संकट नववीपासून सुरू होते. गावची शाळा अनेकदा सातवी-आठवीला संपते, पुढची शाळा दूर असते, आईवडील सहा महिने घरी नसतात, आणि मुलीच्या जिवाची व अब्रूची जोखीम आजीवर येते. मग सोपा वाटणारा मार्ग म्हणजे लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झालेले आढळले. लग्न झाले की जोडीचा नवा कोयता तयार होतो, त्यावर मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते, आणि पुढच्या वर्षी ती मुलगी स्वतःच कोपीत असते. आईवडिलांना दोष देणे मला कधीच पटले नाही. घराला कुलूप लावून जाणाऱ्या बापाने मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवायची, याचे उत्तर आधी समाजाने द्यायला हवे.

मी वसतिगृहात राहून शिकले. मुलांना आईपासून तोडू नये, असे काही जण म्हणतात. त्यामागची माया मी समजू शकते, आणि आईची आठवण येऊन उशीत तोंड खुपसून रडणाऱ्या मुली मी जवळून पाहिल्या आहेत. तरीही माझ्या पिढीतल्या ज्या मुली बारावीपर्यंत पोहोचल्या, त्या जवळजवळ सगळ्या कोणत्या ना कोणत्या वसतिगृहाच्या आधाराने पोहोचल्या. २०२१ मध्ये शासनाने संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत मुलामुलींची मिळून ८२ वसतिगृहे जाहीर केली, प्रत्येकी १०० जागांची. त्यातले आपल्या तालुक्यातले सुरू झाले आहे का, जागा भरल्या आहेत का, अधीक्षिका मुक्कामी राहतात का, याची चौकशी नागरिकांनी करत राहायला हवी. तुमच्यासारख्या निवृत्त, लिहित्या माणसांचे एक पत्र कार्यालयात वाचले जाते. माझ्या आईने केलेली विनंती तितकी ऐकली जात नाही.

आठवीतल्या मुलांना आर्थिक दुर्बल घटकांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. तीत निवड झाली, तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात आणि घरी सांगता येते की मुलगी स्वतःचा खर्च स्वतः उचलते आहे. त्या एका वाक्याने लग्न दोन-तीन वर्षे पुढे गेलेली मी पाहिली आहेत. परंतु परीक्षेच्या तयारीला, उत्पन्नाच्या दाखल्याला आणि मुलीच्या नावाने बँकेत खाते काढायला कोणीतरी मोठे माणूस लागते, आणि नेमके तेव्हाच ते माणूस ऊस तोडत असते.

उत्तर : धर्मादाय संस्थांचे लेखापरीक्षक

संस्था पारखण्याबद्दल थोडक्यात लिहितो. नोंदणी, लेखापरीक्षण अहवाल आणि आयकराच्या ८०जी कलमाखालील मान्यता हे कागद पाहावेतच. संस्था अनाथ किंवा निराधार मुलांना निवासी ठेवत असेल, तर बाल न्याय अधिनियमाखालील तिची नोंदणीही पाहावी. पण कागदांइतकेच महत्त्वाचे हे की किती मुलांना साहित्य वाटले असे न विचारता, दिवाळीपूर्वी पटावर असलेल्यांपैकी फेब्रुवारीत किती जण वर्गात होते, असे विचारावे. ज्या संस्थेकडे हा आकडा आहे, तिचे काम खरे आहे असे मी समजतो. देणगीच्या बदल्यात मुलांची छायाचित्रे, आभाराची पत्रे किंवा भेटीचा सोहळा मागू नये, आणि संस्था ते आपणहून देऊ करत असेल तर नम्रपणे नकार द्यावा.

आई किंवा वडील हयात नसलेली मुले यादीत असतील, तर त्यांच्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. तीत दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करावा लागतो आणि मान्यता बालकल्याण समितीची असते. तुमच्या पैशातून जे द्याल ते या रकमेच्या जागी नको, त्याच्या जोडीला असावे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गटाची बैठक झाली. वस्तुवाटपाचा प्रस्ताव आम्ही बाजूला ठेवला आहे. एक गाव निवडून तिथे वसतिगृहाचे सुरुवातीचे आठवडे आणि संध्याकाळी मुलांजवळ बसणाऱ्या ताईंचे मानधन, यांपासून सुरुवात करावी असे ठरले. आमच्यातील दोघे जण पत्रव्यवहार आणि शिष्यवृत्तीचे अर्ज पाहतील. सुरुवात कोणत्या महिन्यात करावी, एवढेच कृपया सांगावे.

उत्तर : जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, बीड जिल्हा

दिवाळीची वाट पाहू नका. पावसाळ्यात पेरणीला, दवाखान्याला किंवा एखाद्या लग्नकार्याला पैसा लागतो तेव्हाच मुकादमाकडून उचल घेतली जाते, आणि उचल घेताना घरातली कोणकोण माणसे निघणार हेही मनात ठरते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला या, निघणाऱ्या कुटुंबांची यादी आमच्यासोबत करा, आणि संध्याकाळी, आईवडील रानातून परतल्यावर, त्यांच्या घरी चला. मूल कोणाजवळ राहणार, आजारी पडले तर दवाखान्यात कोण नेणार आणि फोन कोणाला करायचा, हे त्यांना पोळ्याच्या आत समजायला हवे. ताईंची निवडही तोवर होऊ द्या. ती समितीने आणि तोडीला जाणाऱ्या आयांनी मिळून करावी, कारण मूल त्यांना तिच्या हवाली करायचे आहे.