अनुभव धागा: फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतले निवांत सायकल रस्ते

दिजाँहून (धागा काढणारी)

फ्रान्समध्ये सायकलवर कुठे जायचं असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात: आल्प्सचे घाट नाहीतर लोआरकाठचे महाल. दोन्हीकडे जरूर जावं. पण इथे राहून माझं मत पक्कं झालंय की या देशात सायकलचं खरं सुख गावागावांना जोडणाऱ्या बारक्या डांबरी रस्त्यांवर आहे.

असे रस्ते इतके आहेत याला कारण आहे. देशात जवळपास ३५ हजार कम्यून, म्हणजे आपल्या ग्रामपंचायती-नगरपालिकांसारखे घटक. प्रत्येकाचे स्वतःचे रस्ते, वर जिल्ह्याचे 'डी' क्रमांकाचे रस्ते. सगळे मिळून दहा लाख किलोमीटरच्या वर जातात. लांब जाणारी वाहनं मोटरवे धरतात, त्यामुळे उरलेल्या रस्त्यांवर शेतकरी, पोस्टाची पिवळी गाडी आणि आपण.

हे रस्ते हुडकायला मी अजूनही मिशलँचा कागदी नकाशा वापरते, १ सेंटिमीटरला २ किलोमीटरवाला. लाल रस्ते टाळायचे, पिवळे वेळ बघून घ्यायचे, पांढरे आपले. रस्त्यावर काढलेले बाण चढ दाखवतात: एक बाण ५ ते ९ टक्के, दोन बाण ९ ते १३, तीन दिसले तर त्याहून जास्त. कडेला हिरवी रेघ म्हणजे देखणा रस्ता, पण ती रेघ बघून रविवारी मोटरसायकलवालेही तिथेच येतात, हे लक्षात ठेवा.

माझा आवडता भाग दक्षिण बर्गंडी. जिव्री ते क्लुनी ही जुन्या रेल्वेलाइनवरची 'व्वा व्हेर्त', म्हणजे मोटारींना बंदी असलेली वाट, १९९७ साली सुरू झाली. फ्रान्समधल्या अशा मार्गांत ती अगदी पहिल्या काहींपैकी. डांबरी, सपाट, मुलांना घेऊन जायला उत्तम. पण सुट्टीच्या दिवशी स्केटवाले, कुत्री, छोट्या सायकली यांची गर्दी होते. म्हणून मी कोर्माताँला ती सोडते आणि शापेझकडे वळते. तिथे अकराव्या शतकातलं चर्च आहे, उंच मनोऱ्याचं, आणि समोर शांत चौक. पुढे ब्राँसियोंच्या खिंडीपर्यंत चढ. दोन्ही बाजूंना कुंपणाआड शारोलेच्या पांढऱ्या गाई. आपण चढावर हळू झालो की त्या चरायचं सोडून माना वर करतात आणि वळणापर्यंत आपल्याकडे बघत राहतात. वर किल्ला आणि दगडी गाव.

आता तुम्ही लिहा. रस्ता कुठला, किती वाजता निघालात, डांबर की खडी, पाणी कुठे मिळालं. कौतुक थोडं कमी चालेल, तपशील हवा.

तूलूझहून, शिकायला आलेली

ताई, धागा छान काढलात. इथल्या सगळ्यांच्या तोंडी कालवा द्यू मिदी असतो. रिके नावाच्या गृहस्थाने १६६६ ते १६८१ या काळात खोदून घेतलेला, जागतिक वारशात आहे, सगळं खरं. पण रोड बाइकवाल्यांनो, तूलूझपासून साधारण पन्नास किलोमीटर डांबर आहे, जिल्ह्याची हद्द संपली की मुळं, खड्डे, माती. पंचवीस मिलिमीटरच्या टायरवर तिकडे जाऊ नका. शिवाय काठावरच्या प्लेन वृक्षांना बुरशीचा रोग लागल्यामुळे २००६ पासून हजारो झाडं तोडावी लागली. काही पट्ट्यांत भर उन्हात सावली नाही. नवी झाडं लावतायत, पण ती मोठी व्हायला वेळ लागेल.

त्याच्या उलट्या दिशेला, बोर्दोकडे जाणारा गारोनचा कालवा जास्त चांगला. कालव्याकाठचा जवळजवळ सगळा मार्ग डांबरी आहे, आणि मोआसाक, आजाँ इथे कालवा चक्क पुलावरून नदी ओलांडतो. पण तासन् तास सरळ रेषेत पेडल मारून कंटाळा येतो, तेव्हा मी कालवा सोडून जेर्सच्या टेकड्यांत शिरते. तिथे रस्ते टेकडीच्या माथ्यावरून जातात. डावीकडे सूर्यफुलं, उजवीकडे गहू, लांब पिरेनीज. चढ छोटे पण खडे. आणि ओताँ वारा सुटला असेल, म्हणजे आग्नेयेकडून येणारा, तर त्या दिवशी आधी वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना पाठीवर घ्या.

नाशिकहून, पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस केलेला

माझा अनुभव जरा वेगळा. २०२३ च्या पीबीपीला, म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या लांब पल्ल्याच्या सायकल राइडला होतो. रांबुयेहून निघून ब्रेस्टला जाऊन परत, १२०० किलोमीटरच्या वर, नव्वद तासांची मर्यादा. भारतातून बरेच जण होते, महाराष्ट्रातून भरपूर. आपण भारतात २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे (वेळेच्या मर्यादेत पुऱ्या करायच्या राइड) करतो त्या हायवेवर, ट्रकच्या हॉर्नमध्ये. कसारा घाट रात्री चढलेल्या माणसाला वाटेत लागणाऱ्या पेर्श भागातला रात्रीचा रस्ता म्हणजे काय वाटतं ते सांगणं कठीण आहे. पुढे लाल दिव्यांची ओळ, बाकी काळोख, आणि टायरचा आवाज. मागून गाडी आलीच तर जागा मिळेपर्यंत मागे थांबते, हॉर्न नाही. फ्रान्समध्ये कायदाच आहे: गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर, गावात एक मीटर.

आणि माणसं! मध्यरात्री घरासमोर टेबल मांडून आजी-आजोबा कॉफी, केक, पाणी देतात. पैसे घेत नाहीत. एका घरापाशी एका मुलीने माझी बाटली हातातून घेतली, पळत आत गेली, भरून आणली आणि माझ्याकडच्या झेंड्याकडे बोट दाखवून "आँद!", म्हणजे इंडिया, म्हणाली. विलेन-ला-जुएलला तर अख्खं गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहून टाळ्या वाजवतं.

पीबीपीशिवाय जायचं असेल तर मोर्तान्य-ओ-पेर्शला मुक्काम करा. मी नंतर तिथे राहिलो होतो. आलाँसोंपर्यंत जुन्या रेल्वेलाइनवर मार्ग आहे, बारीक दगडाची पूड दाबून केलेला. पण मजा आजूबाजूच्या कुंपणाच्या गल्ल्यांत आहे. डोंगर नाहीत, तरी रस्ता दिवसभर वरखाली होत राहतो. पाय राखून चालवा.

ठाण्याहून, लेकीकडे नांतला आलेल्या काकू

आम्ही दोघंही साठीच्या पुढचे. रोड बाइक वगैरे आम्हाला जमणार नाही. लेकीने इलेक्ट्रिक सायकली भाड्याने घेऊन दिल्या आणि आम्ही नांत-ब्रेस्ट कालव्याकाठी निघालो. नेपोलियनच्या काळात, १८११ ला सुरू झालेला कालवा. पूर्वी घोडे ज्या वाटेवरून होड्या ओढायचे, ती आता सायकलची वाट. मोटारींना बंदी. खालची जमीन दाबलेल्या मुरमाची, त्यामुळे बारीक टायरवाल्यांनी विचार करून यावं.

दर थोड्या अंतरावर पाण्याचं दार आणि शेजारी दारवानाचं टुमदार घर, खिडकीत जिरेनियम. रदों, मालेत्रोआ, जॉसलाँ ही गावं आवडली. जॉसलाँचा किल्ला थेट पाण्यातून वर आल्यासारखा दिसतो. ह्यांचे गुडघे दुखतात, पण इथे चढ नसल्यामुळे काहीच त्रास झाला नाही. बॅटरी रात्री कॅम्पिंगमध्ये चार्ज करायचो. परतताना लोकल गाडीत सायकली चढवल्या. तिथल्या टीईआर गाड्यांत सायकल नेता येते, फक्त उन्हाळ्यात जागा आधी बघून घ्यावी. आमच्या वयाच्या लोकांनी घाबरू नये, नक्की जावं.

आव्हीन्योंजवळून

व्हाँतू डोंगराचं नाव सगळ्यांना माहीत. बेद्वाँच्या बाजूने उन्हाळ्यात सायकलींचीच रांग असते. सो गावाच्या बाजूने चढलात तर २६ किलोमीटर, पण बराच सौम्य चढ आणि गर्दी कमी.

मला मात्र नेस्कची घळ सांगायची आहे. वीलसुरओझों ते मोनियो, वीसेक किलोमीटर, चढ इतका हलका की बोलत बोलत जाता येतं. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला खोल दरी, मधेमधे कोरलेले छोटे बोगदे. घाईत असलेली वाहनं वरच्या खिंडीच्या रस्त्याने जातात, त्यामुळे सकाळी आठच्या आत निघालात तर घळ जवळपास आपलीच. वर सोमध्ये जुलैत लॅव्हेंडर फुललेलं असतं. पाणी भरून घ्या, मधे काही मिळत नाही. मिस्त्राल, म्हणजे उत्तरेकडचा जोराचा वारा, वाहत असेल तर रोनच्या खोऱ्यात उत्तरेकडे तोंड करून चालवायचा हट्ट धरू नका.

नागपूरहून, प्रश्न

पुढच्या जूनमध्ये एकटी येतेय. दोन प्रश्न. शाकाहारी खायला खेड्यात काय मिळतं? आणि अगदी रिकामा भाग कुठला?

मोंपेलिएहून, वरच्या प्रश्नाला

रिकामा भाग म्हणजे लोझेर. फ्रान्समधला सगळ्यात कमी लोकसंख्येचा जिल्हा. ऑगस्टमध्ये तार्न नदीच्या घळीत कॅराव्हानच्या रांगा असतात, आणि तिथून सँतेनिमीचा चढ चढून वर कॉस मेजाँच्या पठारावर आलं की रस्ता ओस. हजारेक मीटर उंचीवरचं चुनखडीचं माळरान, गवत, दगडी भिंती, मेंढ्या. व्हिलारे नावाच्या वस्तीपाशी १९९३ पासून प्रेवाल्स्कीचे जंगली घोडे राखलेत, कुंपणाबाहेरून दिसतात. जोंत नदीच्या कड्यांवर गिधाडं १९८१ पासून पुन्हा सोडली. रस्त्यावरून त्यांची सावली आपल्या सायकलवरून सरकून जाते, मग आपण वर बघतो. आपल्याकडे गिधाडं जवळपास दिसेनाशी झालेली पाहिलेल्या माणसाला ते फार लागतं. मी तिथे सायकल बाजूला घेऊन बराच वेळ थांबले होते.

एकटीने फिरायला मला हा भाग सुरक्षित वाटला, मात्र सायकल बिघडली तर मदत लांब आहे. दोन ट्यूब, चेन जोडायचं हत्यार आणि थंडीचं जाकीट जवळ हवंच.

खाण्याचं: पाव, चीज, टोमॅटो, फळं सगळीकडे. पण खेड्यातली दुकानं दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात ती दोन-अडीचनंतर उघडतात. रविवारी दुपारनंतर काही नाही, आणि सोमवारी बेकऱ्या बऱ्याच ठिकाणी बंद. शनिवारीच पिशवी भरा. पाण्यासाठी दफनभूमी शोधा. गावाबाहेर, भिंतीआड, फाटकाजवळ फुलांना पाणी घालायला नळ असतो. 'नॉ पोताब्ल' अशी पाटी असेल तर पिऊ नका. आत जाताना आवाज न करता जायचं आणि फाटक लावून घ्यायचं.

लिमोजहून

एक भर घालतो. उन्हाळ्यात लहान रस्त्यांवर डांबर शिंपडून त्यावर सुटी खडी पसरतात आणि गाड्यांच्या चाकांनी ती दबू देतात. 'ग्राव्हियों' अशी पाटी दिसली की उतारावर वेग आधीच कमी करा, वळणावर ब्रेक दाबू नका. शांत रस्त्यांवर गाड्या कमी, म्हणून खडी बसायलाही जास्त दिवस लागतात. मिलव्हाशच्या पठारावर हे कायम भेटतं.

आणि सप्टेंबरपासून हिवाळा संपेपर्यंत शिकारीचा हंगाम. जंगलाच्या कडेच्या रस्त्यांवर 'शास आँ कूर' अशी पाटी आणि नारिंगी जाकिटातली माणसं दिसतील. दिवसाही भडक रंगाचे कपडे घाला, मोठ्याने बोंजूर म्हणा. ते हात वर करून उत्तर देतात आणि पुढचा रस्ता मोकळा आहे की नाही तेही सांगतात.