मदत हवी आहे : रिमॅचचा अंदाज कसा बांधता?

राम राम मंडळी. भाचा मागे बॉक्सिंगमध्ये धुळ्याच्या पोरासमोर पॉइंटवर हरला, पाचातले तीन पंच तिकडे, दोन इकडे. आता तीच जोडी परत लागलीय. मेहुण्याशी पैज आहे: हरेल त्याने शेतावर भरीत-पुरी करायची. (वांगी बामणोदचीच. आणि हे भाच्याला कळता कामा नये.)

माझं म्हणणं, पहिली लढत चुरशीची झाली की दुसरीत निकाल फिरतो. मेहुणा हेवीवेट बॉक्सर उसिक आणि फ्युरी यांचं २०२४ चं उदाहरण काढतो: मे महिन्यात पंच विभागले, तरी जिंकला उसिकच, डिसेंबरात तिन्ही पंचांचे ११६-११२, पुन्हा उसिकच. मग मी दुसरा हेवीवेट, रुइझ काढला. जून २०१९ मध्ये त्याने बॉक्सर जोशुआला सातव्या फेरीत गारद केलं, डिसेंबरात वजन वाढवून आला, साधारण १२८ किलो! जोशुआ लांबूनच जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारत राहिला आणि गुणांवर जिंकला. मेहुणा गप्प. पण थोडाच वेळ.

मग बघायचं काय? वजन, हाताचा पल्ला, की हरलेल्याने खेळ बदलला का ते? आमचा गडी सरळ आत घुसतो आणि समोरच्याचा उजवा ठोसा खातो. तीन फेऱ्यांत सावरायला वेळ कुठे भाऊ? त्याच गड्याशी दुसऱ्यांदा खेळलेलं कोणी असेल तर सांगा.