बासष्टचं खापर एकट्याच्याच माथी का?

रामबागकर

शनिवारी आमच्या वाचनगटात बासष्टच्या चीन युद्धाचा विषय निघाला. चहा येण्याआधीच निकाल लागला: सगळं नेहरूंनी केलं. मला हा निकाल फार स्वस्तातला वाटला, म्हणून इथे मांडतो.

चिन्यांना हुसकून लावायचं हे काही एका माणसाच्या डोक्यातून निघालं नव्हतं. ऑगस्ट १९५९ मध्ये पूर्वेच्या सीमेवर लोंगजूला चकमक झाली. २१ ऑक्टोबरला लडाखमध्ये कोंगका खिंडीजवळ आपले पोलीस मारले गेले. दरवर्षीचा पोलीस स्मृतिदिन त्याचाच. तेव्हापासून संसदेत एकच धोशा, जमीन गेलीच कशी आणि परत कधी घेणार. नेहरूंनी श्वेतपत्रिका काढून चीनशी चाललेला पत्रव्यवहार सभागृहासमोर ठेवला आणि तडजोडीची वाट आपल्याच हाताने अरुंद करून घेतली. १९६० मध्ये बेरुबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की देशाचा भूभाग दुसऱ्याला द्यायचा तर घटनादुरुस्ती लागेल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चौ एन-लाय दिल्लीत आले. पूर्वेकडचं (आजचं अरुणाचल) तुम्ही ठेवा, पश्चिमेकडचं (अक्साई चिन) आम्ही, असा त्यांचा एकूण सूर होता. तो सूर नुसता ऐकून घ्यायची तरी सोय कुठल्या पंतप्रधानाला होती? जनसंघ, प्रजा समाजवादी, खुद्द काँग्रेसचे खासदार, वर्तमानपत्रं, सगळे हात धुऊन मागे लागलेले.

पराभव झाल्यावर मात्र ही सगळी मंडळी प्रेक्षकांत जाऊन बसली आणि पिंजऱ्यात एकटे नेहरू. हे पटतं का तुम्हाला?

महूचा निवृत्त

पटतं की! संसद म्हणाली जमीन सोडू नका. आजच्या अरुणाचलात, नमकाचू नदीच्या काठी, समोरच्या थागला डोंगरावर चिनी बसलेले असताना, सुती कपड्यांतली ब्रिगेड नेऊन उभी करा, असं संसदेत कोणी म्हटलं नव्हतं. मागणी करणारा वेगळा आणि हुकूम देणारा वेगळा.

नेहरू पंतप्रधान होते आणि परराष्ट्र खातंही १९४७ पासून त्यांच्याचकडे. २ नोव्हेंबर १९६१ ला पुढे पुढे चौक्या टाकायचं ठरलं, त्या बैठकीत ते स्वतः होते. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन होते, सेनाप्रमुख थापर होते, लष्करी मुख्यालयातले जनरल कौल होते, गुप्तवार्ता विभागाचे मलिक होते. चीन बळ वापरणार नाही हे मलिक यांचं अनुमान तिथे धरून चालले. त्या खोलीत विरोधकांतले वाजपेयी नव्हते, कृपलानीही नव्हते. मग त्यांच्या वाट्याला किती टक्के काढताय, ते तरी सांगा.

भिया इंदुरी

लग्नात जेवण कमी पडलं की शिव्या मुलीच्या बापालाच, भिया. आचारी, वाढपी, न बोलावता आलेले पाहुणे, त्यांचं नाव कोण घेतं? महूचे काकासाहेब बरोबर बोलून राहिले.

रामबागकर

आणि मुलीच्या बापाने आचाऱ्याला बजावलं असेल की कोठीत साठा करून मगच पंगत मांड, आणि आचाऱ्याने ते वाऱ्यावर सोडलं असेल तर?

विनोद नाही करत. त्या नोव्हेंबरच्या निर्णयात एक कलम होतं: पुढच्या चौक्यांच्या मागे, रसद पोचेल अशा ठिकाणी मोठं सैन्यबळ ठेवायचा प्रयत्न करावा, म्हणजे पुढे काही झालं तर सावरता येईल. डिसेंबरमध्ये लष्करी मुख्यालयाने खाली जो आदेश पाठवला, त्यात हे कलमच नव्हतं. चौक्या टाका, एवढंच खाली गेलं. आता ही नेहरूंची चूक की थापर आणि कौल यांची?

महूचा निवृत्त

कलम गळलं हे खरं. पण चौक्या लागत होत्या आणि मागे काही नव्हतं, हे वर्षभर दिल्लीत कोणालाच दिसलं नाही? पश्चिम कमांडचे प्रमुख जनरल दौलत सिंग यांनी ऑगस्ट १९६२ मध्ये लेखी कळवलं होतं की हे धोरण रेटण्याइतकं बळ आमच्याकडे नाही. पूर्वेला तिथले कोअर कमांडर उमराव सिंग हरकती घेत होते, तर त्यांच्या हातून ते क्षेत्र काढून नवी चौथी कोअर (सैन्याचा मोठा विभाग) उभी केली आणि कौल यांना दिली. प्रत्यक्ष लढाईत पलटण चालवलेली नाही असा माणूस. तो कोणाच्या मर्जीतला होता हे महूच्या बाजारातलं पोरसुद्धा सांगेल. सांगणारे होते, साहेब. ऐकणारे नव्हते.

सुदामानगरची ताई

मेननना सगळे विसरलेत वाटतं. फेब्रुवारी १९६२ मध्ये ते उत्तर मुंबईतून उभे होते. विरुद्ध आचार्य कृपलानी, आणि त्यांचा सगळा प्रचार चीन आणि संरक्षण खात्याचा कारभार यावरच. म्हणजे लोकांना कळलंच नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मुद्दा भर सभेत मांडलेला होता. नेहरू मेननसाठी प्रचाराला आले आणि मेनन लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. मुंबईच्या आमच्या मावश्या-आत्यांनीसुद्धा तिकडेच शिक्का मारला असेल. रामबागकरांच्या यादीत खासदार आहेत, पत्रकार आहेत, पण मतदार नाही. तो का बरं सुटला?

जेल रोडचा नातू

सगळे १९५९ आणि ६० वर अडकलेत. निर्णयाचा खरा कागद २२ सप्टेंबर १९६२ चा आहे, त्यावर बोला.

८ सप्टेंबरला चिनी थागलावरून खाली आपल्या धोला चौकीजवळ उतरले. २२ ला संरक्षण मंत्रालयात बैठक झाली तेव्हा नेहरू राष्ट्रकुल परिषदेनिमित्त परदेशात, परतले थेट ऑक्टोबरच्या सुरुवातीला. मेनन न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांत. खुर्चीवर राज्यमंत्री रघुरामय्या. थापर म्हणाले की इथे हात घातला तर चीन लडाखमध्ये उत्तर देईल. परराष्ट्र सचिवांचा अंदाज असा की फार तर एखाददुसरी चौकी जाईल. मग थापर यांनी हुकूम लेखी मागितला. तो दिला सहसचिव सरीन यांच्या सहीने. मजकुराचा आशय असा, की तयारी होताच सेनाप्रमुखांनी कामेंग भागातून (म्हणजे धोला, थागलाच्या बाजूने) चिन्यांना बाहेर काढावं.

केवढ्या मोठ्या शेजाऱ्याशी लढाई, आणि कागदावर सही सहसचिवाची. पंतप्रधान नाही, संरक्षणमंत्री नाही, मंत्रिमंडळाचा ठराव नाही. मला तर वाटतं ही व्यवस्थाच अशी होती की उद्या विचारलं तर कोणाचंच नाव निघू नये.

रामबागकर

नातवाने माझंच काम केलं. नेहरू दिल्लीतही नव्हते आणि तरी हुकूम निघाला! याला सामूहिक जबाबदारी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

महूचा निवृत्त

थांबा. त्या कागदातच म्हटलंय की आधीच्या बैठकांत ठरत आलेलं होतं तेच हे. सरीन यांनी रातोरात युद्ध शोधून काढलं नाही. वरच्यांची इच्छा काय आहे हे माहीत असल्याशिवाय सहसचिव असल्या कागदावर सही करेल? सचिवालयात बदलीच्या अर्जावर सही मिळवून बघा एकदा.

थापर यांच्याबद्दल मात्र मी बोलणार, कारण ती आमची बिरादरी. हुकूम चुकीचा आहे असं मनापासून वाटतं तर लेखी मागून काय साधलं? ती स्वतःची पाठ झाकणं झाली. तिथेच पट्टा काढून टेबलावर ठेवायचा. राजीनामा दिला कधी, तर नोव्हेंबरमध्ये, अरुणाचलातलं से ला आणि बोमदिला हातचं गेल्यावर. तोवर नमकाचूवरची, ब्रिगेडियर दळवींची सातवी ब्रिगेड संपली होती आणि दळवी स्वतः चीनच्या कैदेत होते.

जेल रोडचा नातू

काका, पट्टा टेबलावर ठेवणाऱ्याचं काय झालं ते थापर यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ऑगस्ट १९५९ च्या अखेरीस तेव्हाचे सेनाप्रमुख थिमय्यांनी मेननना कंटाळून राजीनामा दिला. नेहरूंनी समजूत घालून तो मागे घ्यायला लावला आणि लगेच संसदेत उभं राहून त्यांनाच बोल लावले. त्यानंतर सेनाप्रमुख झालेला माणूस काय शिकणार? हेच, की राजीनामा देऊ नका, कागद घ्या.

महूचा निवृत्त

थिमय्यांना वाईट वागवलं, मान्य. पण एका जनरलचा अपमान झाला म्हणून दुसऱ्याला हजारो जवानांच्या जिवावर गप्प बसायची मुभा मिळते का? आपले १,३८३ मृत, जवळपास १,७०० बेपत्ता, ३,९६८ युद्धकैदी. हे सरकारी आकडे. एवढी मोठी किंमत असताना 'मला बोल लावतील' हे कारण माझ्या गळी उतरत नाही. थापर यांना मी सोडणार नाही, म्हणून नेहरूंनाही सोडणार नाही. तुम्ही लोक एकाला धरलं की दुसऱ्याला सोडायला बघता.

सुदामानगरची ताई

आणि १२ ऑक्टोबर? ते तर परदेशातून परतल्यावरचं. दोनच दिवस आधी नमकाचूपलीकडे त्सेंगजोंगला चकमक होऊन आपली माणसं पडली होती, कौल स्वतः पाहून दिल्लीला आले होते. आदल्या रात्री पंतप्रधानांच्या घरी बैठक झाली आणि तिथे आत्ता हल्ला करू नये असंच ठरलं. तरी सकाळी श्रीलंकेला निघताना विमानतळावर नेहरू पत्रकारांना सांगतात की आपला प्रदेश मोकळा करायच्या सूचना सैन्याला दिल्यात, तारीख सैन्य ठरवेल. दुसऱ्या दिवशी जगभर बातमी. २० तारखेला चीनने हल्ला केला. त्यांची तयारी आधीपासून होती, हे बोलणं म्हणजे कारण नव्हे. पण चिन्यांना जगासमोर ठेवायला एक वाक्य तर मिळालं. ते कोणत्या खासदाराने बोलायला लावलं होतं, रामबागकर?

रामबागकर

विमानतळावर वर्तमानपत्रवाले कशाला उभे होते, ताई? हेच वाक्य ऐकायला. ते नाही म्हणाले असते तर दुसऱ्या दिवशी काय छापलं असतं, तुम्हीच सांगा. नेहरूंनी नंतर, २५ ऑक्टोबरला, जाहीरपणे म्हटलं की आपण वास्तवापासून दूर, आपणच तयार केलेल्या कृत्रिम वातावरणात राहत होतो. 'आपण' म्हणाले. मला ती सारवासारव वाटत नाही, ते वर्णन खरं आहे.

महूचा निवृत्त

त्या 'आपण'मध्ये नमकाचूवर ज्यांना पुरेशी काडतुसंही पोचली नाहीत ते राजपूत, ग्रेनेडियर आणि गोरखेही येतात का?

शांत वाचक

मी फारसा लिहीत नाही. मतदारांचा विषय निघाला म्हणून एक जोडतो. २६ ऑक्टोबरला आणीबाणी लागली आणि त्यानंतर आसाम-बंगालमधल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं. त्यांतले कित्येक इथेच जन्मलेले, मुलांबाळांसकट. आपल्या इंदूरहून देवळी काही फार लांब नाही. याला कोणी विरोध केला? विरोधी पक्षाने? वर्तमानपत्रांनी? इथे मी रामबागकरांच्या बाजूने आहे. लढाईचा हुकूम थोड्यांनी दिला असेल, पण त्या दिवसांतला उन्माद सगळ्यांचा होता.

भिया इंदुरी

हे माहीतच नव्हतं, भिया. शाळेत सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला एवढंच शिकवलं.

जेल रोडचा नातू

धावला, आणि धावत येऊन अहवालावर बसला. मराठी माणसाला आवडणार नाही, पण बोलू. हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या लष्करी अधिकाऱ्यांनी पराभवाची चौकशी केली. मंत्रालयातल्या बैठकांचे कागद त्यांना दिलेच नव्हते. सांगणं एवढंच, की फक्त सैन्याचं काय चुकलं ते पाहा. १९६३ मध्ये नवे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी लोकसभेत त्यातलं थोडं सांगितलं आणि अहवाल कुलपात. २०१० मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री अँटनी म्हणाले, मजकूर आजही संवेदनशील आहे. मार्च २०१४ मध्ये, विरोधी पक्षात असताना, अरुण जेटली लिहितात की अहवाल खुला करा. त्याच वर्षी तेच संरक्षणमंत्री झाले आणि जुलैमध्ये राज्यसभेत सांगितलं, खुला करणं देशहिताचं नाही. नेहरूंना शिव्या देणारे आणि नेहरूंना वाचवणारे, दोघांचं एका कुलपाबाबत एकमत!

सुदामानगरची ताई

म्हणूनच मला संसदेचा दोष युद्धाआधी कमी आणि युद्धानंतर जास्त वाटतो. मेनन गेले, थापर गेले, कौल गेले. काँग्रेसच्या खासदारांना मेननचा बळी मिळाला आणि ते शांत झाले. नेहरूंना कोणी विचारलं?

रामबागकर

विचारलं की. लोकसभेच्या इतिहासातला पहिला अविश्वास ठराव, ऑगस्ट १९६३, मांडणारे तेच आचार्य कृपलानी. बाजूने ६२, विरुद्ध ३४७. नेहरू एकटे वाचले नाहीत, ३४७ जणांनी त्यांना वाचवलं. माझं सुरुवातीपासून हेच म्हणणं आहे.

महूचा निवृत्त

तारखा लावून बघा. मतदान ऑगस्टमध्ये. चव्हाणांनी अहवालाबद्दल सभागृहात तोंड उघडलं २ सप्टेंबरला. अहवाल तोवर त्यांच्या खात्यात येऊन पडलेला होता. म्हणजे ६२ काय आणि ३४७ काय, दोघांनीही न वाचता हात वर केले. ज्यांच्यापासून कागद लपवला त्यांना भागीदार कसं करता? आणि लपवायचं ठरवणारे पुन्हा खोलीतले चार-पाच जणच.