बग्गीतून सुटलेली म्हातारी घोडी माणसाला जवळ येऊ देत नाही, काय करावं?

मढची_पागा (प्रश्न)

मढला आम्ही काही जण मिळून सुटका झालेली जनावरं सांभाळतो. पावसाळ्याच्या तोंडावर एक घोडी आली आहे. वरच्या कोपऱ्यातल्या दाताची खाच मुळापासून टोकापर्यंत उतरली आहे, म्हणजे वय वीसच्या आसपास धरतो. आधी बग्गीला होती, नंतर चौपाटीवर मुलांना फिरवायला. बरगड्या दिसतात, खूर वाढलेत, तोंडावर जुनी मोरकी (धरायला बांधतात तो पट्टा) आहे आणि ती गालाच्या हाडावर रुतते आहे.

४० बाय ६० फुटांचं कुंपण आहे. घमेलं ठेवून आपण लांब गेलो की येऊन खाते. कुणी आत आलं की कोपऱ्यात जाते, पुठ्ठा आपल्याकडे करते. हात उचलला की कान मागे पाडते. उजव्या बाजूने आठ-दहा फुटांपर्यंत खपवून घेते, डावीकडून अजिबात नाही. अजून दुगाणी झाडलेली नाही.

नालबंदाला बोलवायचं आहे, पण धरायचं कसं हाच प्रश्न आहे. दोरी टाकून चार जणांनी धरावी असं काही जण म्हणतात, ते मनाला पटत नाही. विश्वास बसवायची नेमकी पद्धत सांगा.

खूर_आणि_दात

चार जणांनी धरू नका, हे तुम्हाला बरोबर वाटतंय. पण विश्वासाच्या आधी दुखणं बघा. वीस वर्षांचं, डांबरावर धावलेलं जनावर माणसाला टाळतं तेव्हा ती पुष्कळदा नुसती भीती नसते. हात लागला की दुखतं हे त्याला पाठ झालेलं असतं, आणि दुखणं चालू असेपर्यंत तुमचा हातही त्याला तसाच वाटणार.

लांबून बघून बरंच कळतं. खाताना घास अर्धवट चावून गोळा बाहेर टाकते का? तसं असेल तर दाढा धारदार झाल्यात किंवा पडल्यात. उभी राहताना पुढचे पाय पुढे ताणून वजन मागे टाकते का? मग खूर दुखतात, लॅमिनायटिसचा (खुराच्या आतल्या सुजेचा) संशय घ्या. वळताना सगळं अंग एकदम फळीसारखं वळवते का? मग पाठ किंवा मान. डोळ्याच्या वरची कड ताणून त्रिकोणी दिसते, नाकपुड्या आवळलेल्या, हनुवटी घट्ट, असा चेहरा ती एकटी असतानाही असेल तर तो तुमच्यामुळे नाही, वेदनेमुळे आहे.

डावी बाजू मला खटकते. डोळा तपासा. ती शांत उभी असताना कुंपणाबाहेरून, आवाज न करता, कापसाचा बोळा तिच्या डाव्या नजरेसमोरून खाली पडू द्या. मग तसाच उजवीकडे. ज्या बाजूला मान किंवा कान हलत नाही त्या डोळ्याबद्दल डॉक्टरांना सांगा. हात हलवून तपासू नका. हवेचा झोत मिशांना लागतो आणि घोडा त्यालाच दाद देतो.

पशुवैद्यांशी बोलून तीन ते पाच दिवस वेदनाशामक खाण्यातून देऊन बघता येतं. तेवढ्यात वागणं सैल झालं तर उत्तर मिळालं. मात्र फेनिलब्युटाझोनसारखं औषध मनाने देऊ नका. रोडावलेल्या, पाणी कमी पिणाऱ्या म्हाताऱ्या घोड्याच्या जठराला अल्सर होतात आणि मूत्रपिंडं जातात.

रुतणारी मोरकी मात्र विश्वास बसेपर्यंत थांबणार नाही. डॉक्टरांकडून गुंगी देऊन ती एकदाच कापून काढा, त्याच झोपेत दात, डोळे, खूर उरकून घ्या, धनुर्वाताची लस द्या. नाकातून पू, नाकपुडीत व्रण, पायावर फुटणाऱ्या गाठी यांपैकी काहीही दिसलं तर हातमोजे घाला, इतर घोड्यांपासून वेगळी ठेवा आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी रक्त पाठवा. पक्कं निदान हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होतं. हा रोग माणसाला होतो, आणि जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्याने तो सरकारी पशुवैद्यकांना कळवणं बंधनकारक आहे.

चंदी_तोबरा

खाण्याबद्दल थोडं, कारण रोडावलेलं जनावर बघून लोक मायेने पहिल्याच दिवशी हरभरा भरतात आणि पोटशूळ ओढवून घेतात. फार उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम दाणा दिला तर रक्तातली क्षारांची पातळी कोसळून तो दगावूही शकतो. पहिले दहा दिवस दाणा नाहीच. थोडा थोडा चारा, दिवसातून सहा वेळा, त्यात लसूणघास चालतो.

वजनाचा अंदाज असा काढा: पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. घेर १६० आणि लांबी १४० आली तर साधारण ३०० किलो. त्याच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे साडेचार ते सहा किलो कोरडा चारा रोज, हे गाठायचं लक्ष्य. तिथे हळूहळू पोचा. मोजपट्टी लावू देईपर्यंत नजरेनेच अंदाज घ्या.

दाढा गेल्या असतील तर कुट्टी बारीक करून पाण्यात भिजवून द्या, नाहीतर घास घशात अडकतो. मीठ ३० ग्रॅमच्या आसपास. पावसात कडब्याला बुरशी धरते. वास आंबट किंवा दमट आला की ती पेंढी फेकून द्यायची, झटकून वापरायची नाही.

लगाम_सैल

आता मूळ प्रश्न. पद्धत एका वाक्यात: घोडी हलायच्या आधी तुम्ही थांबायचं, आणि ती सैल झाली की तुम्ही निघून जायचं. तुमचं निघून जाणं हेच तिचं बक्षीस. गाजर नव्हे.

सुरुवात आत जाऊन करू नका. कुंपणाबाहेर स्टूल टाकून पाठमोरं किंवा तिरकं बसा, घमेलं तुमच्यापासून पंधरा फुटांवर. मोबाइल बघत बसलात तरी चालेल, उलट बरंच. तिच्या चावण्याचा आवाज ऐका. एका लयीत चालू असेल तर पुढच्या वेळी घमेलं हातभर जवळ. लय तुटली तर पुन्हा मागे. रोज दोनदा, दहा-पंधरा मिनिटं, शक्यतो एकाच माणसाने. रविवारी पाहुण्यांना आत सोडू नका.

मग आत. सरळ तिच्याकडे जायचं नाही, कमानीने, खांद्याच्या दिशेने, हात खाली, नजर तिच्या गुडघ्याकडे. घोड्याला जवळजवळ ३५० अंश दिसतं, फक्त कपाळासमोर आणि शेपटीमागे आंधळी जागा असते, म्हणून त्या दोन्हीकडून जाणं वर्ज्य. काय बघायचं: चावणं थांबलं, कान तुमच्यावर रोखला, मान वर गेली, श्वास धरला. यातलं पहिलं दिसताच जागीच थांबा. पाय रोवून उभं राहणं एवढंच काम. ती मान खाली सोडेल, कान फिरवेल किंवा जोरात फुरफुरेल. तेव्हा वळा आणि बाहेर या. ती आधी निघाली, तर तुम्हाला उशीर झाला. पुढच्या वेळी दोन पावलं अलीकडे थांबा.

ओठ चाटणं-चावणं दिसलं की लोक खूश होतात. ते ताण उतरतानाही दिसतं, त्यामुळे नुसत्या त्यावर विसंबू नका. गप्प उभी राहिली म्हणजे मानलं, असंही नाही. डोळा एका जागी थिजलेला, श्वास उथळ, तोंड बंद, अंग लाकडासारखं: हे जनावर हार मानून उभं आहे, त्याला सोडून बाहेर या.

पहिला स्पर्श खांद्यावर, हाताच्या मागच्या बाजूने, दोन-तीन सेकंद, आणि ती हलायच्या आत हात काढा. चेहऱ्याला आणि नाकाला सुरुवातीला हात नको. नंतर आयाळ जिथे संपते तिथे बोटांनी खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात, आणि तिथे खाजवल्यावर हृदयाचे ठोके कमी होतात हे मोजून पाहिलेलं आहे. थापटू नका. चौपाटीवर प्रत्येक गिऱ्हाईक थापटतं.

एक गोष्ट हमखास चुकते. लोक प्रेमाने जीभ टाळूला लावून टक्-टक् करत घोड्याला बोलावतात. बग्गीच्या घोड्याला तो आवाज म्हणजे "चल, ओढ". तुम्ही बोलावताय आणि ती निघून जातेय, यात तिची काही चूक नाही. जुना गाडीवान कुठल्या शब्दांनी थांबवायचा हे शोधून काढता आलं तर काढा. नाहीतर एक नवा, साधा शब्द धरा आणि तो फक्त खाणं येतं तेव्हाच वापरा.

मढची_पागा

कापसाचा बोळा करून पाहिला. उजवीकडे लगेच मान वळली, डावीकडे काहीच नाही. डावा डोळा जरा निळसर दिसतो. डॉक्टर या आठवड्यात येणार आहेत. दोन प्रश्न: एका डोळ्याने दिसत नसेल तर मोरकी घालायची कशी? आणि आमच्यातल्या एकाने हाताने गाजर दिलं, आता ती हात दिसला की दातांनी ओढते. थांबवायचं का?

लगाम_सैल

थांबवा, पण शिक्षा करू नका, नाकावर चापट तर मुळीच नाही. खाणं हाताऐवजी घमेल्यात, आणि घमेलं खाली ठेवायचं ते तिने मान आपल्यापासून वळवल्यावर. घमेलं नेहमी उजवीकडे ठेवा.

खूर_आणि_दात

इथे मी थोडा वेगळा. म्हाताऱ्या, घाबरलेल्या घोड्याला हातचा घास पूर्ण बंद केला तर माणसाजवळ यायचं एक कारण कमी होतं. उघड्या तळव्यावर, हात तिच्या छातीच्या रेषेबाहेर ताणून, मान सरळ ठेवून वाट बघेल तेव्हाच, असं चालतं. पण ते एकाच अनुभवी हाताने. जिथे दहा स्वयंसेवक येतात तिथे घमेलंच बरं, तेव्हा तुमच्याकडे लगाम_सैल यांचंच ऐका.

मोरकीबद्दल: घोड्याला डावीकडून धरायचा रिवाज तुमच्या घोडीपुरता बाजूला ठेवा, सगळं उजवीकडून शिकवा. मोरकी उघडून हातात धरा, नाकाची पट्टी तिच्या नाकाखाली अशी ठेवा की तीच नाक आत घालेल. घातलं की लगेच काढा. मानेवरची पट्टी बांधणं पुष्कळ नंतर. डाव्या बाजूला जावंच लागलं तर आधी बोला, मग उजवा खांदा, छाती, डावा खांदा असा हात न उचलता सरकवत जा. मध्ये हात सुटला की तो तिच्यासाठी पुन्हा नवाच हात. बग्गीत झापडं लावल्यामुळे मागून येणारं काही दिसायची सवयही नाही, हे धरून चाला.

खुरांसाठी घाई नको. आधी लांब बांबूच्या टोकाला चिंध्या भरलेला हातमोजा बांधून खांद्यापासून गुडघ्यापर्यंत चोळा. तो लाथेच्या टप्प्याबाहेरून चालतो. पाय टेकलेला राहिला की मोजा काढा. पुढे हाताने. सांधे आखडलेल्या घोडीचा पाय दहा सेंटीमीटरच्या वर उचलू नका, आणि मागचा पाय बाजूला ओढू नका, तो कंबरेत दुखतो. तीन सेकंद, खाली अलगद ठेवा, टाकू नका. पहिलं काम गुंगीत झालं की पुढे दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद लागेल. त्याला सांगा, एका दिवसात दोनच खूर, मऊ जमिनीवर. पावसात खुराच्या खाचेत काळेपणा दिसून सडका वास येत असेल तर त्याच्या फेरीची वाट बघू नका, रोज कोरडं करून घासा.

चंदी_तोबरा

गणपती येताहेत. ढोल-ताशा आणि नंतर दिवाळीचे फटाके, एका डोळ्याच्या घोडीला आंधळ्या बाजूचा आवाज कशाचा ते वळून पाहिल्याशिवाय दिसत नाही आणि ती कुंपणावर धडकते. मिरवणुकीच्या वेळा मंडळाला विचारून ठेवा. त्या संध्याकाळी शिकवणी नाही, उजवीकडून बाहेर दिसेल अशा बाजूला चारा जास्त टाका, आणि शांत स्वभावाचं दुसरं घोडं किंवा गाढव शेजारी बांधता आलं तर बांधा. काटेरी तार असेल तर ती आत्ताच काढा, गणपतीच्या आदल्या दिवशी नव्हे.